मयतीचा बर्फ

संपादकांचा फोन आला, "भोईर, नोकरीतले चार थरारक प्रसंग लिहून द्या." मी म्हटलं, "साहेब, मला पगारच काही न घडण्याचा मिळत होता. घडलं असतं तर पेपरात बातमी आली असती आणि मी घरी बसलो असतो." ते म्हणाले, "मग थोडं वाढवून लिहा."

हे त्यांनी नेमकं चुकीच्या माणसाला सांगितलं. मी बाजारातून मेथीची एक जुडी आणली तरी सांगताना ती शेतासकट येते, असं आमची मंडळी म्हणते. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. या लेखात जिथे मी शूर दिसेन तिथे अर्धं खरं धरा. जिथे रडवेला दिसेन तिथे पूर्ण.

मी पनवेलजवळच्या एका डीआर साइटचा इनचार्ज होतो. डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी. नाव ऐकून लोकांना वाटायचं, पूर आला की मी होडी घेऊन निघतो. तसं काही नव्हतं. मुंबईत एक मोठी कंपनी आहे असं समजा. कोणाची किती ठेव, कोणाचा कितवा हप्ता, सगळा संसार तिच्या संगणकांत. ती इमारत जळाली, बुडाली, कोसळली तर काय? म्हणून लांब कुठेतरी, कोणाला पत्ता नसलेल्या जागी, तस्संच दुसरं सगळं मांडून ठेवायचं. मुंबईत कोणी एक अक्षर उमटवलं की तेच अक्षर डोळ्याचं पातं लवायच्या आत आमच्याकडे उमटायचं. जुळा भाऊच तो. थोरला सुटाबुटात फिरतो, धाकटा बंद खोलीत बसून त्याची नक्कल करत राहतो, आणि थोरला पडला की उठून त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्या धाकट्याला चोवीस तास वीज आणि थंडावा पुरवणं हे माझं काम. आयुष्यभर त्याला उठावं लागू नये म्हणून मी देवाला नारळ फोडत होतो, आणि मुंबईचे लोक त्याबद्दल मला पगार देत होते. अशी नोकरी दुसरी नाही.

गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. करारात बंदी होती. मी निवृत्त झालो, बंदी झालेली नाही.

हा धंदा आमच्याकडे आला तो त्या जुलैच्या पावसानंतर. मुंबईतल्या तळघरांत पाणी शिरलं, मोठमोठ्या कंपन्यांची मशिनं शेवाळलेल्या विहिरीसारखी दिसायला लागली, आणि एकाएकी सगळ्यांना खाडीपलीकडची जागा हवीशी झाली. मी तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. तिथली ओळख काढून खन्ना नावाचा एक सल्लागार माझ्याकडे आला. म्हणाला, "मला अशी जागा दाखवा की जी कोणालाही सुचणार नाही."

मी त्याला दाखवल्या. शिरढोणच्या बाजूला डोंगरात एक बंद पडलेली दगडखाण होती, ती दाखवली. आत शिरलो तर इतकी वटवाघळं उडाली की भर दुपारी संध्याकाळ झाली, आणि खन्नासाहेबांचा पांढरा शर्ट त्या रंगाचा परत कधी झाला नाही. मग एक बंद पडलेलं थिएटर पाहिलं. खिडक्या नाहीत, भिंती जाड, सगळं उत्तम. पण तिथले उंदीर असे की पुढच्या रांगेत बसून आमच्याकडे वळून बघत होते. मग जासईला गेलो. तिथे कंटेनरची एवढी रास आहे की त्यातल्या एका डब्यात संगणक घातले तर ब्रह्मदेवालाही सापडणार नाहीत, अशी माझी कल्पना. खन्नांना फार आवडली. त्यांनी नमुन्याचा एक डबा उभा करून घेतला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर डबा नाही. क्रेनवाल्यानं उचलून बोटीच्या रांगेत लावला होता आणि आत खन्नासाहेब बसलेले. बरं, खन्नासाहेब नव्हते. त्यांची बॅग होती. पण बॅगेसाठी ते ज्या सुरात ओरडत होते त्यावरून आतच आहेत असं कोणालाही वाटलं असतं.

शेवटी मी त्यांना गफूरचाचांच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं.

पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या अंगाला कातळाचा एक उंचवटा आहे. खाडी कितीही भरली तरी तिथे पाणी चढत नाही. त्या कातळावर चाचांच्या वडिलांनी बर्फाचा कारखाना काढला होता. भिंती दुहेरी, मध्ये भाताचा भुसा ठासून भरलेला. खिडकी एकही नाही. गाव चालेल एवढी वीज मंजूर. पण मोठी शीतगृहं झाली, बोटी उरणच्या धक्क्यावर बर्फ घ्यायला लागल्या, आणि कारखाना जेमतेम चालत होता. खन्नांनी भिंतीवर टिचकी मारली, गालात हसले आणि म्हणाले, "भोईर, हेच."

गफूरचाचा म्हणजे उंच, सडपातळ, बोटांची टोकं बर्फानं कायमची सुरकुतलेली. मुलगा कुवेतला, मुलगी महाडला दिलेली. घर कारखान्याच्या आवाराला लागून. भाड्याचा आकडा खन्नांनी सांगितला तो त्यांनी ऐकलाच नाही. ते मला म्हणाले, "भोईर, सगळं घ्या. मागच्या शेडमधली छोटी टाकी माझी राहील."

"कशाला चाचा? आता बर्फ कोणाला विकणार?"

"विकायचा कोणाला आहे? मय्यतीचा लागतो ना."

हे पनवेल-उरणच्या जुन्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या खाडीपट्ट्यातल्या गावांत घरटी एक माणूस बोटीवर किंवा आखातात. इथे आईबाप गेले की पोरगा तिकडून निघायचा, आणि तो येईपर्यंत मयत ठेवायचं. सरकारी दवाखान्यातली पेटी एकतर भरलेली नाहीतर बिघडलेली. मग घरातच खाली भुसा, वर बर्फाच्या लाद्या, त्यावर चादर. तो बर्फ चाचांच्या कारखान्यातून यायचा आणि त्याचे पैसे नसायचे. दारात येऊन माणसानं फक्त एवढंच म्हणायचं, "मयतीचा." कोण गेलं, कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, काही विचारायचं नाही. लादी अख्खी द्यायची, त्याच्यादेखत टोचा मारून फोडायची नाही. आणि तो जाताना काही बोलत नसे, आपणही बोलायचं नाही. लग्नसराईत बर्फाला कितीही मागणी असली तरी मयतीच्या लाद्या वेगळ्या असायच्या.

मी एकदा चाचांना विचारलं होतं, "तुमच्यात तर त्याच दिवशी दफन. तुम्हाला बर्फ लागतच नाही. मग हे कशाला?"

ते म्हणाले, "म्हणूनच तर. अब्बा म्हणायचे, जे आपल्याला लागत नाही त्याचे पैसे कसले घ्यायचे?"

तर टाकी राहिली. खन्नांना मी सांगितलं, ती आग विझवायच्या पाण्याची आहे. त्यांनी मान डोलावली आणि जाताना एक शेवटचा हुशारीचा सल्ला दिला. बाहेरचा 'बर्फ कारखाना' हा पत्र्याचा बोर्ड तसाच ठेवा. कोणाला संशय येणार नाही. आत कोट्यवधींची मशिनं, बाहेर गंजका बोर्ड. काय डोकं!

संशय कोणालाच आला नाही हे खरं. पण त्याच्या जोडीनं माणसं मात्र येत राहिली. बोर्ड आहे म्हणजे बर्फ आहे. कोळणी टोपल्या घेऊन यायच्या, गोळेवाले सायकली घेऊन यायचे, कामोठ्यातून लग्नाचे यजमान रिक्षा करून यायचे. गेटवर आमचे मोरे हवालदार. लष्करातून निवृत्त, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. ते सगळ्यांना एकच सांगायचे, "कारखाना दुरुस्तीला आहे." दोन-तीन वर्षं दुरुस्ती चालली तेव्हा एका कोळणीनं त्यांना सुनावलं, "अरं मेल्या, एवढ्या वेलात तर माझ्या पोरीचं लगीन झालं, पोरं झाली. कसली रं दुरुस्ती तुमची?"

पण कोणी "मयतीचा" म्हटलं की मोरे हवालदार काही न बोलता बाजूला व्हायचे. चाचा घरातून चपला न घालता यायचे, टाकीचं झाकण उघडायचे. हातगाडी यायची, टेम्पो यायचा, एकदा तर बैलगाडी. मीही लादी ओढायचा लोखंडी आकडा धरायला लागायचो. आत गारव्यात संगणकांचे दिवे लुकलुकत असायचे आणि दहा पावलांवर आम्ही भुश्यात लादी गुंडाळत असायचो.

या सगळ्या वर्षांत धाकट्या भावाला खरोखर उठावं लागलं ते एकदाच. मुंबईत कोणा उंदरानं म्हणे वायर कुरतडली. मला वाटतं तो थिएटरातल्यांचा नातलग असावा. तासभर त्या कंपनीचा देशभरचा सगळा कारभार आमच्या कातळावरून चालला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लोकांचे पैसे माझ्या डोळ्यांसमोरून जात होते. मला एक छदामही लागला नाही, हे वेगळं.

ऑडिटला मात्र दरवर्षी दोनदा माणसं यायची. शेडमधल्या टाकीबद्दल मी दर वेळी नवीन थाप मारायचो. एकाला सांगितलं, ही विजेचा झटका शोषून घेते. दुसऱ्याला सांगितलं, जुन्या करारात ती पुरातन वास्तू आहे. एका गुजराती साहेबाला सांगितलं की वीज गेली तर या बर्फावरून वारा सोडून मशिनं गार ठेवायची आमची खास सोय आहे. तो इतका खूश झाला की त्यानं अहवालात 'नावीन्यपूर्ण' असं लिहिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीतून दोघे जण ती सोय बघायला आले.

मग सबनीस मॅडम आल्या.

सबनीस मॅडम गिऱ्हाइकाच्या सुरक्षेच्या प्रमुख. पुण्याच्या. बुटक्या, चष्मा, पायात कापडी बूट, आवाज हळू. त्यांना थाप मारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं, एक लादी बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "हा बर्फ कोण नेतं?"

मला थाप सुचली नाही. मी खरं ते सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भोईर, माझे वडील गेले तेव्हा मी अमेरिकेत होते. मला समजतंय. पण एक सांगा, उद्या मयताचं नाव सांगून कोणी भलताच आत आला तर?"

"तसं कोणी करणार नाही, मॅडम."

"आजवर केलं नाही. तुम्ही काय, मेलेल्याचं ओळखपत्र मागणार आहात?"

मी म्हटलं, "नाही मागणार." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं हेच वाईट होतं. चुकीचं असतं तर मी त्यांच्याशी भांडलो असतो.

तरी त्यांनी टाकी लगेच बंद करायला लावली नाही. "ड्रिलच्या दिवशी तरी गेट बंद असेल ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

ड्रिल म्हणजे तालीम. वर्षातून दोनदा, कचेऱ्या बंद असतात म्हणून रविवारी, असं समजायचं की मुंबई बुडाली. सगळं आमच्याकडे वळवायचं आणि बघायचं, धाकटा उठतो की नाही. तालमीच्या वेळी गेट बंद. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. खऱ्या संकटात जसं होईल तसं. मध्ये गेट उघडलं तर तालीम नापास.

त्या रविवारी सबनीस मॅडम स्वतः आल्या होत्या. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मुंबई आमच्या कल्पनेत छान बुडाली होती. आम्ही पडद्यांसमोर बसलो होतो. एका पडद्यावर गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं, आवाज नसलेलं. त्यात एक टेम्पो येऊन उभा राहिला. टेम्पोत भुश्याची पोती. उतरलेल्या माणसाला मी ओळखलं, पलीकडच्या गावचा बाळाराम. तो मोरे हवालदारांशी काहीतरी बोलला. हवालदारांनी मान हलवली. बाळारामनं हात जोडले. हवालदारांनी आमच्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

मग गफूरचाचा घरातून बाहेर आले. तेही गेटच्या बाहेरच. त्यांचंच आवार, त्यांचीच टाकी, आणि ते आमच्या बंद गेटच्या बाहेर बाळारामच्या शेजारी उभे. ओरडले नाहीत, गेट हलवलं नाही. थोडा वेळ उभे राहिले आणि मग गेटला पाठ लावून खाली बसले. बाळारामही बसला.

सबनीस मॅडम पडद्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "कोण गेलं असेल?"

"आम्ही विचारत नाही, मॅडम."

"अजून किती वेळ आहे तालमीला?"

"दुपारपर्यंत."

मी उठलो. माझ्या शौर्याबद्दल आधी सांगितलंय ते लक्षात ठेवा. मी सिंहासारखा वगैरे उठलो नाही. गुडघा दुखत होता, खुर्चीला धरून उठलो. दाराशी गेलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "भोईर, तुम्ही उघडलंत तर मला लिहावं लागेल. मी खोटं लिहिणार नाही."

"लिहा मॅडम. तुमचं काम आहे."

मी जाऊन गेट उघडलं. आत घंटा वाजायला लागली. बाळाराम उठला.

"आई गेली, भाऊ. सकालीच. थोरला बोटीवं हाय, परवा उतरंल मुंबईला. मयतीचा पायजे."

त्यानं सगळंच सांगून टाकलं होतं, विचारायचं काही राहिलं नव्हतं. चाचांनी टाकी उघडली. मोरे हवालदार नियम मोडल्याबद्दल आधी स्वतःलाच दोन शिव्या घालून मग आकडा घेऊन आले. आम्ही लाद्या भुश्यात ठेवल्या. टेम्पो काही न बोलता गेला. घंटा अजून वाजत होती.

मॅडमनी लिहिलं. गिऱ्हाइकाकडून दोन ओळींचा निरोप आला. टाकी तरी, नाहीतर साइट तरी.

साइट म्हणजे नुसती मशिनं नव्हती. मोरे हवालदार, जनरेटरवाले, झाडलोट करणाऱ्या बायका, सगळे आसपासच्या गावांतले. मीही. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. हे सगळं चाचांना ठाऊक होतं. त्यांच्या ओट्यावर आम्ही चहा घेत बसलो तेव्हा मी त्यांना सात युक्त्या सांगितल्या. टाकीभोवती भिंत बांधू. मागून दार काढू. टाकी जमिनीखाली नेऊ आणि वर तुळशीवृंदावन बांधू. मी तर खाडीतून बोगदा काढण्यापर्यंत गेलो होतो.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "भोईर, तुझ्या खोट्यावर अब्बांचा बर्फ किती दिवस ठेवू?"

"चाचा, पण—"

"पण काय? हवालदाराच्या घरी चूल आहे का नाही? तुझ्या लेकीची फी? मेलेल्यांना बर्फ द्यायला जिवंत माणसं उपाशी ठेवू काय?" कप खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडमला सांग, महिन्याच्या शेवटी बंद. फक्त मशिन लावून फोडू नका म्हणावं. आज कॉम्प्रेसर बंद करतो. आत आहेत त्या लाद्या जातील तशा जातील."

लाद्या होत्या नऊ-दहा. चाचांनी त्या वेगळ्या काढून भुश्यात पुरल्या. भुश्यात बर्फ बरेच दिवस टिकतो. आम्ही सगळे वाट बघायला लागलो. आता सांगायला लाज वाटते, पण आम्ही कोणी मरायची वाट बघत होतो. आणि त्या महिन्यात खाडीपट्ट्याला अशी तब्येत आली म्हणता! माझ्या आठवणीत तरी सबंध तालुक्यात कोणाला पडसंही झालं नसेल. नव्वदीच्या म्हाताऱ्या अंगणात पापड लाटत होत्या. मोरे हवालदार म्हणाले, "साहेब, माझ्या सासऱ्याचं विचारून बघू काय?" चाचा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. कोणी गेलं नाही.

सकाळी चाचांनी लाद्या बाहेर काढल्या. शेडच्या पुढे कातळावर भुसा पसरला आणि त्यावर एकीशेजारी एक ठेवल्या. झिजून त्या लहान झाल्या होत्या. बातमी कशी पसरली ठाऊक नाही. एक गोळेवाला आला, म्हणाला, "चाचा, फुकट जाण्यापेक्षा मला द्या, घ्या काय असेल ते." चाचांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो सायकल उभी करून तिथेच बसला.

मग बाळाराम आला आणि त्याचा बोटीवरून आलेला थोरला भाऊ. मग ती कोळण. मग कुठल्या कुठल्या गावची माणसं, ज्यांना मी कधीतरी टेम्पोवर, हातगाडीवर पाहिलं होतं पण नावं कधी विचारली नव्हती. बायका पदर घेऊन एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ऊन चढलं तसं पाणी कातळावरून खाली खाडीकडे जायला लागलं. चाचा लाद्यांच्या उशाशी बसले होते. उशाशी म्हणतो, कारण दुसरा शब्द मला सुचत नाही. मध्येच ते भुसा सारखा करत होते.

सबनीस मॅडम दुपारी आल्या. टाकी रिकामी झाल्याचा फोटो त्यांना पाठवायचा होता. एवढी माणसं बघून त्या दाराशीच थांबल्या. मी विचारलं, "फोटो काढता?" त्या म्हणाल्या, "होऊ दे आधी." एक पालथा क्रेट होता, त्यावर बसल्या. त्यांनी छत्री आणली होती, ती उघडली नाही.

संध्याकाळच्या आत शेवटची लादी गेली. माणसं एकेक करून उठली. जाताना कोणी बोललं नाही.

मी थापा मारणारा माणूस. पण त्या दिवसात घालायला माझ्याकडे वरचं काही नाही.

टाकीच्या जागी मग सिमेंटचा कोबा झाला. चाचा त्या बाजूला फिरकेनासे झाले. पुढे वर्षभरानं ते महाडला मुलीकडे राहायला गेले. आता म्हणे वॉर्डावॉर्डांत काचेच्या फ्रीझर पेट्या मिळतात, त्यावर देणाऱ्याचं नाव आणि हसरा फोटो. चांगलं आहे. सोय झाली. पण तेव्हा त्या अजून आल्या नव्हत्या, आणि माणसं येतच होती. मोरे हवालदार "दुरुस्ती" म्हणेनात. ते सरळ मला बोलवायचे. मीही काय सांगणार? बर्फ संपला, एवढंच.

एक जण आठवतो. पन्नाशीचा, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, बरोबर तीन चाकी टेम्पो. त्याचे वडील गेले होते. त्याच्या आजीसाठी, आजोबांसाठी इथूनच बर्फ नेला होता. मी त्याला सांगितलं, "दादा, इथे आता बर्फ नाही."

त्याला ते पटेना. तो दोन पावलं पुढे आला आणि इमारतीच्या दाराला त्यानं तळवा लावला. दाराच्या फटीतून आतला गारवा येत होता, मशिनं तापू नयेत म्हणून आम्ही दिवसरात्र ठेवत होतो तो.

"गार हाय की."

"गार आहे."

"मंग?"

मी मोरे हवालदारांना म्हटलं, "तुम्ही बघा इथे," आणि त्याच्या टेम्पोत पुढे बसलो. म्हटलं, चला, मच्छी मार्केटमध्ये बघू, तिथे कोणाकडे तरी मिळेल. त्यानं टेम्पो रस्त्याला लावला. मग बापाचं दुःख बाजूला ठेवून, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत त्यानं विचारलं, "तुमी तितं करता काय?"

त्या मशिनांचं, जुळ्या भावांचं, मुंबईचं मी शंभर जणांना रंगवून सांगितलं होतं. त्याला मी साधं सांगितलं.

"आम्ही बसतो. काही वाईट झालं तर असू दे, म्हणून."

त्यानं गिअर बदलला. रस्त्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "झालाय ना पण."